सेमिनारची चर्चा मोबाईलवर: खान्देशातल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी एम.ए.च्या वर्गाला मराठी शिकवतो. २०२० च्या टाळेबंदीत नाइलाज म्हणून सेमिनारची चर्चा मोबाईलवर नेली. कॉलेज उघडल्यावर ती परत वर्गात यायला हवी होती. अर्धी आली, अर्धी मोबाईलवरच राहिली आणि ते बरंच झालं असं आता वाटतं. आजूबाजूच्या कॉलेजातले सहकारी आणि विद्यार्थी फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. हे विद्यापीठाचं परिपत्रक नव्हे, माझा अनुभव आहे.

सेमिनार म्हणजे उभं राहून पेपर वाचायचा. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचं काय काम?

आपल्याकडचा सेमिनार डोळ्यांसमोर आणा. एक विद्यार्थी सात-आठ पानं घेऊन उभा राहतो, मान वर न करता वाचतो. मागच्या बाकावरचे स्वतःची पानं जुळवत असतात, कारण पुढचा नंबर त्यांचा. वाचून झालं की सर विचारतात, "कुणाला काही प्रश्न?" पंखा फिरतो. कुणी बोलत नाही. सर स्वतःच एक प्रश्न विचारतात, स्वतःच त्याचं उत्तर देतात आणि पुढचं नाव पुकारतात. याला आपण चर्चा म्हणतो आणि तिचे गुणही देतो.

वाचन वर्गातच होऊ द्या. बोलायची सवय लागायला हवी, नेट-सेटच्या पुढच्या मुलाखतीत कुणी व्हॉइस नोट मागत नाही. पण वाचनाआधीचे तीन दिवस आणि नंतरचे तीन दिवस मोबाईलवर घ्या. पेपर आधी ग्रुपवर येतो, बाकीचे तो वाचतात, शंका काढतात. म्हणजे वर्गात उभा राहणारा आपल्याला काय विचारलं जाणार हे जाणून उभा राहतो. वर्गात जे सुचलं नाही ते घरी गेल्यावर, भाकरी खाताना सुचतं. ते टाकायला नंतरचे दिवस.

ही कल्पना फार नवी आहे असंही नाही. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसाठी हाताने लिहिलेलं 'छात्रालय' दैनिक काढत. वर्गात जे सांगायला तास पुरत नाही ते दुसऱ्या कागदावर मुलांपर्यंत पोचवायचं, एवढंच त्यामागे होतं. आपल्या हातात कागदाऐवजी काच आहे. फरक असा की काचेवर मुलांना उलट उत्तर देता येतं.

कुठलं अ‍ॅप घ्यावं?

जे मुलांच्या मोबाईलमध्ये आधीच आहे ते. नवीन अ‍ॅप उतरवा, खातं काढा, पासवर्ड लक्षात ठेवा, यातच चौथाई वर्ग गळतो. एम.ए.चा वर्ग पंधरा-वीस जणांचा असतो, तेवढ्याला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरे. ग्रुपची मर्यादा १०२४ जणांची आहे, पण तीसच्या पुढे गेलात की चर्चा राहत नाही, बाजार होतो.

दोन-तीन कॉलेजं मिळून एकत्र सेमिनार करत असाल तर टेलिग्राम बरं. तिथे एका ग्रुपात विषयवार खाने करता येतात, त्यामुळे ग्रामीण साहित्याच्या चर्चेत भाषाविज्ञान घुसत नाही. नंतर आलेल्यालाही मागची चर्चा वाचायला मिळते. फेसबुकचा खासगी ग्रुप आम्ही एक सत्र करून पाहिला. निम्मी मुलं आता फेसबुकवर नाहीतच, त्यांचे काका आहेत.

समोरासमोर बोलायचंच असेल तर झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटं मिळतात, गुगल मीटवर तिघांपेक्षा जास्त जण असले तरी ६० मिनिटं. एका पेपरला ४० मिनिटं भरपूर झाली. वेळ संपत आली की लोक मुद्द्यावर येतात, हा त्याचा न सांगितलेला फायदा.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांना रेंजच नसते. त्यांचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, तो बरोबरही आहे. आपलं जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठातून वेगळं झालं ते इथल्या पोरांना पुणं लांब पडतं म्हणून. पण जळगाव शहरात बसून धडगावचा पाडा दिसत नाही. सातपुड्याच्या कुशीत घरापाशी एकही काडी नसते आणि टेकडीवर एका ठरावीक दगडापाशी दोन काड्या येतात. मुलांना तो दगड पाठ असतो.

म्हणून पहिला नियम: ज्याला ठरलेल्या वेळी हजर राहावं लागतं असं काहीही सक्तीचं ठेवू नका. लाइव्ह मीटिंगमध्ये हजेरी घेतली की सातपुडा गैरहजर. त्याऐवजी एका प्रश्नाला पूर्ण तीन दिवस द्या. आमच्या वर्गातला एक विद्यार्थी बाजाराच्या दिवशी खाली यायचा, तेव्हा सगळे मेसेज उतरवून घ्यायचा, घरी जाऊन वाचायचा आणि उत्तर रेकॉर्ड करून ठेवायचा. पुढच्या वेळी रेंजमध्ये आला की ते आपोआप सुटायचं. एकदा त्याचं सव्वातीन मिनिटांचं उत्तर आलं. मागे कोंबडा, वारा, आणि मध्येच कुणीतरी पावरी बोलीत त्याला हाक मारतंय. ते उत्तर सगळ्यात उशिरा आलं आणि सगळ्यात नीट विचार केलेलं होतं. शहरातल्या पोरांनी पहिल्या दहा मिनिटांत टाकलेल्या उत्तरांत "खूप छान विषय आहे" याहून जास्त काही नव्हतं.

दुसरं, फायली हलक्या ठेवा. चाळीस पानांचा स्कॅन टाकण्यापेक्षा त्यातली लागणारी चार पानं टाका. व्हिडिओ तर नकोच. लिहिलेला मजकूर सगळ्यात हलका, त्याखालोखाल आवाज.

तिसरं, कॅलेंडरकडे बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापसाची वेचणी असते, चोपडा-यावलकडे केळीची कापणी तर बाराही महिने. दिवाळीनंतर नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, मुलगा सोबत गेला की फोनही जातो. त्या दिवसांत सेमिनारचा पसारा मांडून "मुलं सिरियस नाहीत" म्हणण्यात अर्थ नाही. मे महिन्यात ४४-४५ अंशांत लाइट गेलेली असताना चर्चा ठेवणाऱ्यांना तर मी काही बोलतच नाही.

ग्रुप काढला, प्रश्न टाकला, पण कुणी काही लिहीतच नाही.

तुम्ही काय विचारलंत ते आधी मला दाखवा. "बहिणाबाईंच्या कवितेतील स्त्रीजीवनाचे चित्रण यावर आपले मत मांडा" असं विचारलं असेल तर चूक मुलांची नाही. तो परीक्षेचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर गाइडमध्ये छापलेलं असतं आणि ते सगळ्यांना माहीत असतं. गप्प बसणारे निदान प्रामाणिक म्हणायचे.

चर्चेचा प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर तुम्हालाही पक्कं ठाऊक नसावं आणि ज्यासाठी मुलाला काहीतरी शोधावं, मोजावं किंवा कुणाला विचारावं लागावं. आमच्याकडे सगळ्यात रंगलेला प्रश्न सांगतो: "बहिणाबाईंची बोली अहिराणी की लेवा गणबोली? मत नको. गाण्यांतला एक शब्द किंवा प्रत्यय पुरावा म्हणून टाका."

लेवा गणबोली म्हणजे यावल-रावेरकडच्या लेवा पाटीदार समाजाची बोली. खान्देशात या प्रश्नावर मोठी माणसंही तावातावाने बोलतात, त्यामुळे मुलं आधी मतंच टाकत राहिली. दुसऱ्या दिवशी साक्रीकडच्या एका मुलीने लिहिलं, "आमना घरमा 'मना बाप', 'तुनी माय' म्हनतस. या गाण्यांत मी 'मना' शोधतेय, एकदाही सापडला नाही. 'मन' सापडतं, पण ते काळजातलं मन." तिथून चर्चेला कुलूप उघडल्यासारखं झालं. फैजपूरच्या मुलाने लगेच लिहिलं की आमच्या घरी षष्ठी विभक्तीला 'चा, ची, चं'च लावतात आणि गाण्यांतही तेच आहे. तिसऱ्याने विचारलं की 'ळ'चा 'य' होतो तो मग कुणाचा? त्यावर दोघंही अडले, कारण 'काया' आणि 'डोये' दोघांच्याही कानांवरचे. एका प्रत्ययाने सुरुवात झाली आणि बोलीची सीमा कशावरून ठरवायची, तालुक्यावरून, समाजावरून की व्याकरणावरून, इथपर्यंत मुलं आपापली पोचली. भाषाविज्ञानाच्या तासाला मी हेच सांगत होतो तेव्हा निम्मी जांभया देत होती.

यातून काढलेली माझी पद्धत: एका वेळी एकच प्रश्न. त्यात "पुरावा टाका" हे शब्द असतातच. पहिले चोवीस तास मी स्वतः काहीही लिहीत नाही, कारण सर बोलले की विषय संपला असं मुलं धरून चालतात. हे पाळणं फार अवघड जातं. आपल्याला वर्गातली तीन सेकंदांची शांतता सोसवत नाही, चोवीस तासांची कशी सोसवणार? मी मोबाईल कपाटात ठेवतो.

अहिराणीत, पावरीत, भिलीत लिहिलं किंवा नुसतं बोलून पाठवलं तर चालेल?

चालेल. पळेल. आमच्या ग्रुपवर एकच अट आहे, बाकीच्यांना न कळणारा शब्द आला तर खाली त्याचा अर्थ द्यायचा.

काही सहकाऱ्यांना हे खटकतं. प्रमाण मराठी कधी येणार मग, असं ते विचारतात. पेपर प्रमाण मराठीतच लिहून घ्या की. चर्चा म्हणजे विचार कच्चा असतानाची जागा. कच्चा विचार माणूस घरच्या भाषेत करतो. जी मुलगी वर्गात तीन वर्षं तोंड उघडत नव्हती, तिने "माले एक शंका शे" म्हणून सुरू केलेली व्हॉइस नोट मी जपून ठेवली आहे. तिची शंका अशी होती की तिचं उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले.

आणि बोलून पाठवलेलं उत्तर लिहिलेल्यापेक्षा कमी दर्जाचं धरणाऱ्यांना मी विद्यापीठाच्या नावाची पाटी दाखवतो. २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलं त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव व घरातले लोक उतरवून घ्यायचे. त्या १९५१ मध्ये गेल्या, गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ मध्ये. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात व्हॉइस नोटचे गुण कापायचे म्हणजे कमालच.

मराठी टाइप करता येत नाही हो.

कीबोर्डवरचं माइकचं चित्र दाबून बोला, मराठी भाषा निवडली असेल तर ते लिहून देतं. पाठवण्याआधी एकदा वाचा मात्र. आमच्याकडे 'लेवा गणबोली'चं 'लेवा गणपती' होऊन गेलं आणि दिवसभर त्यावर मोदकांची चित्रं पडत होती.

मुलींचे नंबर सगळ्या ग्रुपला दिसतात. पालक तक्रार करतात. काय करायचं?

पालकांची तक्रार रास्त आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. ग्रुपात घेतलं की नंबर सगळ्यांना दिसतो, आणि "हाय, जेवलीस का" हे मेसेज त्यानंतर सुरू होतात. माझ्या माहितीतल्या एका मुलीने याच कारणाने ग्रुप सोडला, आम्हाला वाटलं तिला विषयात रस नाही. कारण कळायला सत्र संपलं.

ग्रुप काढण्याआधी प्रत्येकीला वेगळं विचारा, वर्गासमोर नाही. नको म्हणाली तर कारण विचारू नका. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, ती सेटिंग पहिल्याच दिवशी सगळ्यांना, मुलांनाही, प्रोजेक्टरवर करून दाखवा. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांच्या खिशात असतो, तिथे मुलीच्या सेमिनारचे मेसेज वडील वाचणार हे धरून चाला. रात्री अकरा वाजता आलेला "तुझा मुद्दा पटला नाही" हा मेसेज, तो साहित्याबद्दल असला तरी, त्या घरात वेगळाच वाचला जातो. म्हणून रात्री नऊनंतर आमचा ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' करतो, सकाळी सातला उघडतो. कधी विसरतो, मग वर्गप्रतिनिधी आठवण करते.

सेमिनारच्या ग्रुपातून नंबर उचलून खासगीत त्रास दिला तर "जाऊ द्या, पोरं आहेत" म्हणू नका. यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते आणि मोबाईलवरचा त्रासही तिच्याकडे नेता येतो. समितीतल्या मॅडमचं नाव ग्रुपच्या माहितीत वरच लिहून ठेवा. नुसतं नाव असल्यानेही फरक पडतो.

ग्रुपवर कुणी भलतंसलतं टाकलं तर अ‍ॅडमिन म्हणून मी अडकेन का?

नुसते अ‍ॅडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराची फौजदारी जबाबदारी, तुमचा त्यात सहभाग किंवा आधीचं संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनवर येत नाही. पण म्हणून बघत बसू नका. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो, तो काढा आणि का काढला ते एका ओळीत लिहा.

चर्चेचं भांडण झालं तर?

होणार. वर सांगितलेली बोलीची चर्चा चौथ्या दिवशी भाषेवरून समाजावर गेली. "तुमच्या लोकांना सगळंच तुमचं वाटतं" असं एक वाक्य पडलं. मग त्याला उत्तर, त्याला प्रत्युत्तर, आणि पंधरा मिनिटांत दोन जण ग्रुप सोडून गेले. मी तेव्हा पाचोऱ्याच्या रस्त्यावर बसमध्ये होतो, मोबाईल पिशवीत.

माझ्या दोन चुका झाल्या. एक, ग्रुपवर मी एकटाच अ‍ॅडमिन होतो. आता दर आठवड्याला एक विद्यार्थी सूत्रसंचालक असतो, त्यालाही अ‍ॅडमिन करतो. दोन, संध्याकाळी मी ग्रुपवर लांबलचक उपदेश टाकला. तो कुणी वाचला नाही, वाचला असेल तर आवडला नाही. करायला हवं होतं ते दुसऱ्या दिवशी केलं: ज्याने ते वाक्य लिहिलं त्याला आणि ज्याला लागलं त्याला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चहाला बोलावलं. स्क्रीनवर जे वाक्य टोचतं ते तोंडावर बोलणाऱ्यालाच जड जातं. दोघं परत आले, एकाने वाक्य मागे घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो, सुमारे दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढताही येतो. कुणी घेतलेला स्क्रीनशॉट मात्र पुसता येत नाही, तो आधीच निघालेला असतो. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

उमेदवार, पक्ष, निवडणूक यांबद्दल आमच्याकडे साधा दंडक आहे: सेमिनारच्या पेपरात असेल तरच.

गुण कसे द्यायचे? मेसेज मोजायचे का?

मोजू नका. मोजायला लागलात की दुसऱ्या दिवसापासून "सहमत" या एका शब्दाचे वीस मेसेज येतात. मी हे करून बसलोय.

मी सत्राच्या शेवटी प्रत्येकाला स्वतःचे तीन मेसेज निवडून द्यायला सांगतो: एक ज्यात त्याने नवा पुरावा आणला, एक ज्यात दुसऱ्याच्या मुद्द्याला धरून पुढे नेलं, आणि एक ज्यात त्याने स्वतःचं मत बदललं. गुण त्या तिन्ही मेसेजवर. तिसरा मेसेज कुणाकडेच नसतो सुरुवातीला. आपल्याकडे मत बदलणं म्हणजे हरणं. पण त्याला गुण आहेत म्हटल्यावर मुलं निदान शोधायला लागतात. अंतर्गत मूल्यमापनाचे किती गुण यात घालायचे ते तुमच्या विभागाने सत्राच्या आधी ठरवून लेखी लावावं, नाहीतर शेवटी रांग तुमच्या दाराशी.

ज्याच्याकडे फोनच नाही त्याने हेच तीन मुद्दे वहीत लिहून दिले तरी तेवढेच गुण.

मुलं एआयकडून उत्तरं लिहून घेतात. ओळखायचं कसं?

ओळखण्यात वेळ घालवू नका, प्रश्न बदला. "ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये" विचारलीत तर मशीन दोन सेकंदांत दहा मुद्दे देणारच, आणि त्यात दहावा "निष्कर्षतः" असणार. "तुमच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जात्यावरची एक ओवी विचारा, जशी म्हटली तशी रेकॉर्ड करा आणि त्यातला तुम्हाला न कळलेला एक शब्द सांगा" असं विचारा. हे कुठल्याही मशीनला जमायचं नाही, कारण तिला आजी नाही.

पेपरातल्या उचलेगिरीचं वेगळं. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांवर पायऱ्या चढत जातात. मुलांना आकडा सांगण्यापेक्षा ग्रुपवरच्या मुद्द्याचंही श्रेय द्यायला शिकवा. साक्रीच्या त्या मुलीचा 'मना' दुसऱ्याच्या पेपरात तिच्या नावाशिवाय आला, तर ती चोरीच. तिला विचारून, नाव आणि तारीख देऊन आला तर तो संदर्भ.

पुस्तकाचा पूर्ण पीडीएफ ग्रुपवर टाकला तर चालतो का?

पूर्ण पुस्तक नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्यासाठी सवलत आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात ती बऱ्यापैकी मोकळ्या मनाने वाचली आहे. पण शिकवण्यापुरता भाग आणि विकत मिळणारं अख्खं पुस्तक यांत फरक आहे. मराठीचा प्रकाशक आधीच काटकसरीत जगतो. मराठी विश्वकोशातल्या नोंदी आणि शोधगंगा या संकेतस्थळावरचे प्रबंध मोफत आहेत, लिंक टाका.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जाऊन जुन्या कागदांचे फोटो काढणार असाल तर आधी त्यांची परवानगी घ्या, ग्रुपवर टाकण्याचीही वेगळी घ्या. आणि फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की अ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि मोडीचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग दिसते.

बाहेरचे वक्ते ऑनलाइन बोलवावेत का?

जरूर, पण व्याख्यान नको. वक्त्याने आधी पाच मिनिटांचा आवाज पाठवावा, मुलांनी दोन दिवस प्रश्न लिहावेत, मग वक्त्याने चाळीस मिनिटं फक्त उत्तरं द्यावीत. स्वागत, परिचय, प्रास्ताविक, मनोगत आणि आभार यांना एकत्र मिळून तीन मिनिटं. आमच्या प्राचार्यांना हे शेवटचं अजून पटलेलं नाही. रेकॉर्ड करणार असाल तर वक्त्याला आणि मुलांना आधी विचारा.

गुड मॉर्निंगची फुलं कशी थांबवायची?

वर्गाचा एक दुसरा ग्रुप काढा आणि त्यात तुम्ही जाऊ नका.

शिक्षकाचा किती वेळ जातो?

जास्त जातो. कमी होतो असं सांगणाऱ्याने स्वतः केलेलं नसतं. पहिला महिना रोज तास-दीड तास, जम बसला की मग सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं. वर्कलोडमध्ये हा वेळ कुठेच धरला जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. एक वर्ग, एक सत्र, एक पेपर एवढ्यावरच सुरू करा. सगळ्या वर्गांना एकदम लावलंत तर दिवाळीपर्यंत तुम्हीच ग्रुप म्यूट कराल.

सत्र संपल्यावर ग्रुपचं काय करायचं?

बंद करा. मेलेला ग्रुप कुणी सोडत नाही, मग त्यात लग्नपत्रिका पडायला लागतात. बंद करण्याआधी 'एक्स्पोर्ट चॅट' करून सगळी चर्चा मजकूर म्हणून काढून घ्या. त्यात नावं आणि नंबर येतात, ते पुसून 'विद्यार्थी १, विद्यार्थी २' करा आणि ज्याला स्वतःचं नाव हवं आहे त्याचं त्याला विचारून ठेवा. व्हॉइस नोट वेगळ्या जपा. त्यात म्हाताऱ्या बायकांचे आवाज आहेत, पुढच्या बोलीच्या अभ्यासाला ते लागतील. ज्यांचे आहेत त्यांच्या घरी विचारल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

फाइल स्वतःच्या मोबाईलवर नको, विभागाच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून वर्ष लिहा. आमच्या कपाटात बिननावाचे तीन पडलेत. त्यातल्या एकात सव्वातीन मिनिटांचा तो कोंबडा आहे. कुठल्या, ते या सुट्टीत बसून शोधायचंय.